औषध गव्हाणीत, पण पोटात कुणाच्या?

जंतनाशक मिसळलेला खुराक शेळ्यांच्या गव्हाणीत टाका आणि दोन मिनिटं नुसतं बघत राहा. दांडगी, शिंगवाली शेळी आधी घुसते, शेजारणीला ढुशी देते आणि बकाबका खात सुटते. कोपऱ्यात एक जण मान खाली घालून उभी असते. जबड्याखाली पाणी उतरलेलं, भूक मेलेली. ती दोन घास घेते नि मागे सरते. खरं तर औषध हवं होतं तिला.

तिच्या चौथ्या पोटात हिमाँकस नावाचा जंत ठाण मांडून असतो. लांबी दोन-तीन सेंटिमीटर. मादी लाल-पांढरी, पिळाच्या दोरीसारखी दिसते: लाल रंग प्यालेल्या रक्ताचा, पांढरा तिच्या जननेंद्रियांचा. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त खातो. ऐकायला किरकोळ, पण असे हजार असले की रोजचे 50 मिली गेले! मादी दिवसाला 5,000 च्या वर अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात, अळ्या ओल्या गवतावर चढतात आणि चरताना पुन्हा पोटात जातात.

तरी खुराकातून औषध द्यायचा मोह पडतो, तो उगाच नाही. एकेकीला धरून, तोंड उघडून पाजण्यात दिवस जातो; ठसका लागून औषध फुफ्फुसात जायची भीती वेगळीच. शिवाय फेनबेंडाझोल या जंतनाशकाचा स्वभावही खुराकाला धार्जिणा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, कोठीपोटातल्या चाऱ्याबरोबर रेंगाळत पुढे सरकतं. जंताच्या पेशीतल्या ट्यूब्युलिन या प्रथिनाला ते चिकटतं. मग पेशीतल्या सूक्ष्मनलिका जुळत नाहीत, जंताला ग्लुकोज शोषता येत नाही आणि तो उपासमारीनं मरतो. उपासमारीला वेळ लागतो, म्हणून औषध अंगात जितकं टिकेल तितकं बरं. डुकरांना तर किलोमागे एकूण 9 मिलिग्रॅमची मात्रा 3 ते 12 दिवसांत विभागून खाद्यातूनच देतात.

अडचण त्या कोपऱ्यातल्या शेळीची. तिला अर्धीमुर्धी मात्रा मिळते. औषधाला बळी पडणारे जंत मरतात. ज्यांच्या ट्यूब्युलिनमध्ये एखादं अमिनो आम्ल बदललेलं आहे, ते तगतात आणि पुढची पिढी त्यांचीच. फेनबेंडाझोलच्याच गटातलं पहिलं औषध, थायाबेंडाझोल, 1961 मध्ये आलं आणि 1964 पर्यंत त्याला न जुमानणाऱ्या जंतांची नोंदही झाली.

म्हणून कळपाला सरसकट औषध चारण्यापेक्षा मला पापणी बघणं शहाणपणाचं वाटतं. खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा: लालबुंद असेल तर सोडून द्या, पांढरटली असेल तर तिला वजनाप्रमाणे पाजा. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, त्यामुळे हे जमतं. न पाजलेल्यांच्या पोटातले, औषधाला अजून बळी पडणारे जंत शिल्लक राहतात आणि चिवट जंतांची टक्केवारी वाढू देत नाहीत. (पापणी फक्त रक्त पिणाऱ्या जंतांबद्दल सांगते; बाकीच्यांसाठी लेंडीतपासणीच हवी.)

खुराकात रसायनाऐवजी बुरशीही घालता येते. डडिंगटोनिया फ्लॅग्रन्स या बुरशीचे बीजाणू पचनातून सहीसलामत सुटतात, लेंडीत उगवतात आणि धाग्यांचे फास विणून अळ्यांना जागीच पकडतात. पोटातल्या जंतांचं मात्र ही बुरशी काहीच वाकडं करत नाही. आणि हा खुराक रोज पोटात जावा लागतो, म्हणजे कोपऱ्यातली ती शेळी इथेही आलीच.