भेंडी बघता बघता निबर का होते? उन्हाळी माळव्यातलं विज्ञान

कोल्हापूरच्या शिवारात ऊस एवढा दाटलेला असतो, की त्याच्या कडेचं माळवं बाहेरच्याला दिसतच नाही. पण विहिरीजवळ, पाटाच्या तोंडाशी नाहीतर घरामागच्या परड्यात भाजीचे दोन-चार वाफे असतातच. शहरातली काही हौशी मंडळीही पाचगाव, कळंबा भागात कुणा पाहुण्याच्या रानातला एखादा गुंठा मागून घेतात आणि सुट्टीच्या दिवशी तिथं राबतात. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. नीट केलं तर एका घराला पुरून शेजारी वाटण्याइतकी भाजी त्यात निघते. पावसाळ्यात आणि थंडीत ही जमीन आपल्या बऱ्याच चुका पोटात घालते, उन्हाळ्यात घालत नाही. पाणी आणि खत यांवर आपण तासन्‌तास बोलतो, पण मार्च ते मे या दिवसांत माळव्याचं खरं गणित वेळेचं असतं. फूल किती वाजता उमलतं, शेंग कितव्या दिवशी तोडायची आणि कोणत्या प्रहरी तोडायची, यावर निम्मं पीक ठरतं.

भेंडी घ्या. बी टोकल्यावर ४०-४५ दिवसांत पहिलं फूल दिसतं. फिकट पिवळं, आत गडद तांबडा डोळा असलेलं हे फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तिथून चौथ्या ते सहाव्या दिवशी शेंग तोडणीला येते. आठव्या दिवशी गेलात तर धारा उठलेली, बोटाहून जाड भेंडी पानाआडून तुमच्याकडे बघत असते. मंडईत भेंडी निवडताना गिऱ्हाईक शेंडा मोडून बघतं आणि विकणाऱ्या मावशी ओरडतात, "ताई, समद्या भेंड्यांची टोकं मोडतायसा व्हय?" मावशींचा राग रास्त आहे, पण चाचणी शास्त्रशुद्ध आहे. कोवळ्या शेंगेच्या पेशींच्या भिंती पातळ असतात आणि आत पाणी ठासून भरलेलं असतं, म्हणून शेंडा कट्‌कन तुटतो. दिवस जातील तसे सालीत लांबट तंतू तयार होतात आणि त्यांच्या भिंतींत लिग्निन साठतं. लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य हेच. मग शेंडा तुटत नाही, नुसता वाकतो आणि सालीच्या दोऱ्याला लोंबत राहतो. भाजी शिजताना मऊ पडते, ती पेशींना एकमेकींशी चिकटवणारं पेक्टिन विरघळतं म्हणून. लिग्निन मात्र घरच्या आचेला दाद देत नाही. त्यामुळे निबर भेंडीला कुकरच्या कितीही शिट्ट्या द्या, तोंडात चोथा उरतोच.

झाडाला आपल्या भाजीशी काही देणंघेणं नसतं. बी पक्व होईपर्यंत त्याला जपायचं, एवढंच शेंगेचं काम. तापमान चढलं की पेशींमधल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो आणि कोवळी ते निबर हा टप्पा आणखी आखडतो. यात दुसरी एक मेख आहे. एखादी शेंग झाडावर तशीच राहिली, की तिच्यातल्या भरत आलेल्या बिया झाडाचं अन्न ओढू लागतात आणि त्यांच्याकडून निघणारी संप्रेरकं नवी वाढ मंदावतात. चार शेंगा नजरेआड राहिल्या की शेंड्याकडची फुलं कमी झालीच समजा. तोडा दिवसाआड करायचा तो यासाठी, आणि निबर शेंग खायची नसली तरी काढून टाकायची तीही यासाठीच. गवार आणि चवळीची तऱ्हा अशीच आहे. ज्यांना आठवड्यातून एकदाच रानात जायला जमतं, त्यांनी भेंडीच्या नादाला लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी वांगी, मिरची, तांबडा भोपळा लावावा, ही मंडळी चार दिवस थांबतात. नाहीतर शेजारच्या वाफेवाल्याशी वार वाटून घ्यावेत. (तोडताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. भेंडीच्या अंगावरची बारीक लव घामट हाताला अशी खाजते, की पुढचा तोडा आपोआप लांबणीवर पडतो.)

वेलीच्या भाज्यांबद्दलची तक्रार ठरलेली असते. फुलं ढीगभर येतात, पण फळ धरत नाही. याचं एक कारण असं, की सुरुवातीची बहुतेक फुलं नर असतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली बोटाच्या पेराएवढं इवलं फळ दिसतं, नर फुलाला नुसता देठ असतो. मोठा दिवस आणि चढलेला पारा असला की बऱ्याच वेलींवर नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं. मादी फुलं वाढवणारं संप्रेरक म्हणजे इथिलीन हा वायू. रोप दोन आणि चार पानांवर असताना काही शेतकरी इथ्रेल नावाचं रसायन फवारतात, कारण त्यातून हाच वायू सुटतो. घरच्या चार वेलांना त्या उठाठेवीची गरज नाही.

दुसरं कारण घड्याळात आहे. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, घोसाळ्याची तर भल्या पहाटे. दोडका घोसाळ्याच्याच कुळातला, तरी त्याची पिवळी फुलं संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर उघडतात. दुधीची आणि पडवळाची पांढरी फुलंही दिवस मावळताना जागी होतात, कारण त्यांची वाट पाहणारे निशाचर पतंग अंधारातच बाहेर पडतात. आता गंमत बघा. मधमाश्या वाचाव्यात म्हणून फवारणी संध्याकाळी करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. काकडीला तो योग्य आहे. दोडक्याच्या मांडवावर संध्याकाळी सहाला कीटकनाशक मारलं तर परागीकरण करणाऱ्यांनाच गाठून मारल्यासारखं होतं.

आजूबाजूला कीटक कमी असतील तर हे काम हातानं करता येतं. अंधार पडायच्या आत मांडवाखाली जायचं. नुकतंच उमललेलं नर फूल देठासकट खुडायचं आणि पाकळ्या मागे सोलून काढायच्या. मधले पुंकेसर उघडे पडतात, बोट लावलं तर पिवळी पूड लागते. मादी फुलाच्या मध्यभागी ओलसर, चिकट कुक्षी असते, तिच्यावर ते पुंकेसर हलकेच टेकवायचे. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. परागीकरण झालं असेल तर दोन-तीन दिवसांत इवला दोडका फुगू लागतो. नाहीतर तो पिवळा पडून गळतो आणि आपण फळमाशीला शिव्या देत बसतो.

टोमॅटोचं दुखणं निराळं. त्याच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात आणि वाऱ्याच्या झुळकीनंही परागीकरण होऊन जातं. पण दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २१-२२ च्या वर पारा राहू लागला की पराग धड तयारच होत नाहीत. हा घाव फूल उमलायच्या आठवडा-दीड आठवडा आधी, कळीतच बसतो. आज फुलगळ दिसली म्हणून आज टॉनिक फवारण्यात काही अर्थ नाही. कोल्हापुरात एप्रिलमध्ये दुपारी पारा ३७-३८ पर्यंत जातो. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो म्हणून आपल्याला बरं वाटतं, टोमॅटोच्या परागांचं तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. यावर उपाय एकच, रोपं जानेवारीतच लावायची आणि फळधारणा कडक उन्हाआधी उरकून घ्यायची.

धरलेल्या फळांनाही ऊन सोडत नाही. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन ३०-३२ अंशांच्या वर नीट तयार होत नाही, पिवळसर कॅरोटीन मात्र होत राहतं. मे महिन्यात झाडावर पिकलेला टोमॅटो केशरी-पिवळा दिसतो तो त्यामुळे. त्याचा इलाज सोपा आहे. टोमॅटो झाडावरून काढल्यावरही पिकतो, कारण तो स्वतःच इथिलीन सोडतो. बुडाशी पहिली गुलाबी झाक दिसली की तोडायचा आणि घरात सावलीत, हवेशीर ठेवायचा. रंग झाडावरच्यापेक्षा चांगला येतो. भेंडी, दोडका, काकडीला ही सवलत नाही. त्या तोडल्या तशाच राहतात किंवा बिघडतात, सुधारत नाहीत.

पाण्याबद्दल कोल्हापूरकराला काय शिकवायचं? पावसाळा सरताना बरगे घालून नदीतलं पाणी अडवणारे बंधारे राज्यभर 'कोल्हापूर पद्धतीचे' म्हणूनच ओळखले जातात. पण पाणी आहे म्हणून पाजत सुटायची खोडही आपलीच. दुपारी दोनला दुधीची आणि काकडीची पानं माना टाकतात, की लगेच मोटार चालू होते. वेलींची पानं मोठी आणि पातळ असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की हवेची बाष्प सामावून घ्यायची क्षमता सुमारे पावणेदोन पट होते, त्यामुळे भर दुपारी पानांतून पाणी जितक्या वेगानं उडतं तितक्या वेगानं मुळांना ते पुरवता येत नाही. जमिनीत ओल असली तरी हे होतं. संध्याकाळी पानं परत ताठ झाली तर झाडाला काहीही झालेलं नाही. सकाळीही ती मरगळलेलीच दिसली तर पाणी द्यायचं. काळ्या रानात ही खबरदारी दुप्पट घ्यायला हवी. चिकणमातीच्या बारीक पोकळ्या पाण्यानं भरून गेल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, प्राणवायूविना मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि पाण्यात उभं असलेलं झाड सुकायला लागतं. शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती ओलसर पण हवा खेळती होईल इतकी मोकळी झाल्याशिवाय, पुढचं पाणी देत नाही, त्यामागचं कारण हेच. चार बोटं खोल उकरून माती मुठीत दाबावी. गोळा होऊन बोटाच्या धक्क्यानं फुटला तर वाफसा आहे.

दुपारी पानावर पाणी पडलं की थेंबाचं भिंग होऊन पान करपतं, असंही पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं. गुळगुळीत पानावर थेंब चपटा बसतो, त्यातून गेलेले किरण पानाच्या बऱ्याच खाली एकत्र येतात आणि पान भाजत नाही. लव असलेल्या पानावर थेंब केसांच्या टोकांवर अधांतरी राहिला तरच थोडा धोका असतो. तरीही दुपारी पाणी देऊ नये, कारण त्यातलं बरंचसं मुळांपर्यंत पोचायच्या आत उडून जातं.

पाणी वाचवायचा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे उसाचं पाचट. लोक ते पेटवून देतात आणि शेजारच्या वाफ्यावर आच्छादनासाठी प्लास्टिक विकत आणून अंथरतात, याला काय म्हणावं! पाचटाचा चार बोटं जाड थर दिला की माती तापत नाही, बाष्पीभवन घटतं आणि तण काढायची भांगलणही वाचते. फक्त ते मातीत कालवू नका. पाचटात नत्राच्या मानानं कर्ब खूप जास्त असतो. ते कुजवणारे सूक्ष्मजीव आपली नत्राची गरज मातीतून भागवतात आणि भाजी पिवळी पडते. वर अंथरलं तर ही ओढाताण पृष्ठभागापुरतीच राहते.

आता तोडणीची वेळ. भाजी सकाळी लवकर तोडावी हे सगळे सांगतात. रात्रभरात पेशी पाण्यानं भरलेल्या असतात हे त्याचं अर्धं कारण. तोडलेली भाजी जिवंत असते आणि श्वास घेत राहते, हे उरलेलं अर्धं. साठवलेली साखर जाळून ती उष्णता, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग दुप्पट, कधी तिप्पट होतो. म्हणजे सकाळी सहाला २४ अंशांत तोडलेली मेथी आणि दुपारी एकला ३६ अंशांत तोडलेली मेथी पहिल्या तासापासून वेगवेगळ्या वेगानं म्हातारी होतात. खात्री करायची असेल तर दुपारी बुट्टीत दाबून भरलेल्या मेथीच्या पेंड्यांच्या मध्ये हात घालून बघा. बाहेरच्या पेंड्यांपेक्षा मधल्या ऊबदार लागतात. ती ऊब मेथीच्या स्वतःच्या श्वासाची असते, आणि पिवळेपणा सुरू होतो तोही तिथूनच. पालकासारख्या भाजीतून वजनाच्या तीन-चार टक्के पाणी गेलं तरी ती सुकल्यासारखी दिसते.

भाजीवर ओलं बारदान टाकायची पद्धत म्हणूनच फार हुशारीची आहे. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, ग्रॅममागे सुमारे २,४०० ज्यूल. हिशेब केला तर एक किलो भाजी सहा अंशांनी थंड व्हायला जेमतेम १० ग्रॅम पाणी उडावं लागतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं याच तत्त्वावर विजेविना चालणारा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू आणि वाळूवर रोज शिंपडलेलं पाणी, एवढाच त्याचा खर्च. पण ही युक्ती हवा कोरडी आहे तोवरच चालते. जूनमध्ये हवा दमट झाली की बारदान थंड करायचं सोडून भाजी कुजवायला लागतं.

फ्रिजचंही तसंच. पालेभाजीला तो मानवतो. भेंडी, काकडी, वांगं, टोमॅटो ही उष्ण प्रदेशातली पोरं चार-पाच अंशांत काही दिवसांतच डागाळतात, मऊ पडतात. त्यांना माठाशेजारचा थंड कोपरा बरा.

काकडी कडू निघाली तर त्याचं मूळही बहुधा रानातच असतं. कुकुर्बिटासिन हे कडू द्रव्य वेलीच्या संरक्षणासाठी असतं, आणि पाण्याचा ताण व कडक ऊन यांत ते फळात वाढू शकतं. ते देठाकडे आणि सालीखाली जास्त असतं, म्हणून देठ कापून, चोळून फेस काढण्यापेक्षा देठाकडचा तुकडा टाकून दिल्याचा उपयोग अधिक. काकडीच्या बाबतीत एवढ्यानं भागतं. कडू दुधीशी मात्र खेळू नये. कडू दुधीच्या रसानं आपल्या देशात माणसं दगावली आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं तो अजिबात पिऊ नये असं सांगितलं आहे. फोड चाखून बघावी आणि कडू लागली की अख्खा दुधी खतात टाकावा.

मे महिन्याच्या मध्याला दुपारी ढग जमतात आणि वळीव कोसळतो. आठ दिवस ताणावर असलेल्या टोमॅटोत मुळांकडून एकदम पाणी चढतं. गर फुगतो, पण उन्हानं ताठरलेली साल तितकी ताणत नाही आणि रात्रीत देठापासून भेगा पडतात. भेगेत बुरशी शिरली की फळ दोन दिवसांत जातं. थोडंथोडं पण नियमित पाणी दिलेल्या झाडावर हे कमी होतं. गारा आल्या तर इलाज नाही. तेव्हा आभाळ काळं झालं, की गच्चीवरचे पापड आणि सांडगे घरच्यांवर सोपवून आपण रानाकडे निघावं आणि झाक आलेला प्रत्येक टोमॅटो बुट्टीत घ्यावा.