नार्नियाची दोन ‘पहिली’ पुस्तकं

धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताई, तुझी ती दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग नार्नियावर चित्रपट करतेय ना? लेकीला त्याआधी पुस्तक वाचायचंय. पहिलं कुठलं मागवू?” प्रश्न साधा, पण माझी पंचाईत झाली. नार्नियात पहिली पुस्तकं दोन आहेत.

नार्निया नावाच्या जादूच्या जगाची सी. एस. लुइस यांची ही मुलांसाठीची सात पुस्तकं 1950 ते 1956 या काळात दर वर्षी एक अशी आली. छापून आलेलं पहिलं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’, 1950चं. ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ 1955 साली आलं, म्हणजे सहावं. पण त्यातली गोष्ट बाकी सगळ्यांच्या आधीची, नार्निया जन्माला येतो तेव्हाची. 1994 मध्ये हार्परकॉलिन्सच्या संचाला गोष्टीतल्या काळानुसार क्रमांक दिले गेले, आणि सहावं पुस्तक एक नंबरचं झालं. बिचारं पहिलं दोन नंबरात गेलं.

गर्विगबाईंनी घेतलंय ते हे 1955चं. त्यामुळे 2005चा अँड्र्यू अ‍ॅडमसनचा चित्रपट आठवून कुणी ‘रिमेक येतोय’ म्हणत असेल, तर तसं नाही. तो चित्रपट 1950च्या पुस्तकावरचा. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडताहेत म्हणून गावाकडे धाडलेली चार भावंडं, कपाटातून पलीकडे निघणारी वाट, कधी न संपणारा हिवाळा, ते सगळं तिथलं. 1955च्या पुस्तकात ही चौघं नाहीतच. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं लंडन आहे, डिगरी नावाचा मुलगा आणि शेजारची पॉली. जायचं साधन कपाट नाही, पिवळ्या आणि हिरव्या अंगठ्या. चेटकीण मात्र दोन्हीकडे तीच. फक्त इथे ती पहिल्यांदा जागी होते, आणि तिला जागं करणारी घंटा डिगरीच वाजवतो.

नावातला ‘नेफ्यू’ मराठीत आणायचा तर पुतण्या की भाचा? डिगरीचं आडनाव कर्क आणि पुस्तकातल्या जादूगाराचं, अँड्र्यूचं, केटर्ली, म्हणजे नातं आईकडून. तेव्हा भाचाच, आणि जादूगार हा मामा. हा मामा पॉलीला गोड बोलून अंगठीला हात लावायला लावतो, ती गायब झाल्यावर तिला परत आणायच्या कामावर भाच्याला जुंपतो आणि स्वतः मात्र घरात बसून राहतो. मामाने दोघांनाही मामा बनवलं म्हणायचं.

माझा जीव अडकलाय तो मात्र मामात नाही, डिगरीच्या आईत. ती अंथरुणाला खिळलेली आहे, वडील दूर हिंदुस्थानात, आणि पोराच्या डोक्यात सतत एकच, आईला बरं करील असं काही त्या दुसऱ्या जगात मिळेल का. लुइस यांची स्वतःची आई 1908 मध्ये कर्करोगाने गेली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. हे ठाऊक असलं की पुस्तकाचा शेवटचा भाग सरळ वाचवत नाही. ‘लेडी बर्ड’ या आपल्या चित्रपटात आई-मुलीचं भांडण इतकं खरं दाखवणाऱ्या बाईच्या हाती ही आई पडतेय, म्हणून मी आत्तापासून दिवस मोजतेय. नार्नियातला तो सिंह, अस्लान काय, कुणीही छान करील.

मग आधी कुठलं वाचायचं? हाच वाद एका अमेरिकन मुलाचा त्याच्या आईशी झाला होता. मुलगा म्हणे गोष्टीच्या काळाप्रमाणे, आई म्हणे छापल्या क्रमाने. 1957 मध्ये लुइस यांनी पत्र लिहून मुलाची बाजू घेतली, आणि क्रमाने बहुधा फारसा फरक पडत नाही असंही त्यात म्हटलं. लेखकालाच खोडून काढणं म्हणजे आगाऊपणा, पण मी त्या आईच्या बाजूची. 1950च्या पुस्तकात अस्लानचं नाव पहिल्यांदा निघतं तेव्हा निवेदक सांगतो की तो कोण हे मुलांना माहीत नव्हतं, जसं तुम्हालाही माहीत नाही. 1955चं आधी वाचलं असेल तर हे वाक्य फुकट जातं. शिवाय बर्फातल्या रानात मध्येच उभा असलेला तो रस्त्यावरचा दिवा! तो तिथे आला कसा, हे सहाव्या पुस्तकात कळतं. उत्तर आधी हातात दिलं तर कोडं कसलं?

आणि गर्विगने ‘लिटल विमेन’मध्ये बालपण आणि तरुणपण मागेपुढे करून सांगितलं होतं. आधीचं नंतर सांगण्यातली गंमत तिला कळते. चित्रपटात ती काय करील देव जाणे.

भाचीला मी 1950चं पाठवलं. दुसरं माझ्या कपाटात ठेवलंय. चौथ्या दिवशी तिचा फोन, “मावशी, जंगलात दिव्याचा खांब कुणी लावला?”

“आधी संपव,” म्हटलं.