मुठीतल्या वाळूतली वस्ती

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याहून कुंभार्ली घाट उतरून गुहागरला गेलो होतो. खाडीच्या बाजूला पाणी संथ असते, तिथे लेकीने वाळूत खड्डा करायला घेतला. वर पिवळसर वाळू, मनगटाइतके खोल गेल्यावर एकदम काळी. वास सडक्या अंड्याचा. "आई, इथं गटार सोडलंय!" म्हणत ती हात झटकत उठली.

गटार नव्हते. वाळूच्या वरच्या थरात पाण्याबरोबर ऑक्सिजन पोचतो, खाली तो संपतो. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. वास त्याचाच. तो लोहाशी जुळला की काळे लोह सल्फाइड बनते. उपसलेला काळा ढीग वर तसाच राहू दिला, तर हवा लागून हळूहळू फिका पडतो.

वाळूच्या एकेका कणावर किती जीव राहतात? जर्मनीतल्या ब्रेमेनच्या माक्स प्लांक सागरी सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेने उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटाजवळची वाळू तपासली, तेव्हा एका कणावर १०,००० ते १,००,००० जिवाणू आढळले. आणि ते कुठेही बसलेले नव्हते! पाण्याच्या हालचालीने कण एकमेकांवर घासतात, त्यामुळे कणाचा उघडा, सपाट भाग जवळजवळ ओस. वस्ती सगळी खाचाखळग्यांत, आपला सातारा अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलाय तशी.

शाळेत खडी, वाळू, कोळशाची गाळणी करताना वाळू म्हणजे नुसती चाळण वाटते. किनाऱ्याची वाळू त्याहून पुष्कळ काही करते. लाटा आणि प्रवाह तिच्या फटींतून पाणी ढकलत राहतात; जिवाणू त्यातले मेलेले शेवाळ, प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) फोडून खातात. काही जिवाणू नायट्रेटमधला नत्र वायू करून हवेत सोडून देतात. मला हे काम सर्वांत मोलाचे वाटते. उसाला घातलेल्या युरियातला पिकाने न उचललेला नत्र पावसाबरोबर आपल्या कृष्णेत उतरतो, आणि कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत नदीच्या तळातले जिवाणूही हेच काम करत असतात. नत्र त्यांना झेपेनासा झाला की शेवाळ फोफावते, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात.

आपण मात्र वाळू मोजतो ब्रासमध्ये. नदीतून शंभर घनफूट उपसली की एक ब्रास. कणांच्या खाचांतली ती वस्तीही त्याच ट्रॉलीत चढते.