मुंग्यांच्या वेळापत्रकावर जगणारे पक्षी

गोल गोल फिरणाऱ्या हजारो लष्करी मुंग्यांची एक चित्रफीत गेली काही वर्षे व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून येत असते. या मुंग्या दमून मरेपर्यंत अशाच फिरत राहतात असे सांगून खाली ‘नेत्यामागे डोळे मिटून गेल्यास असेच होते’ अशा अर्थाचा उपदेश जोडलेला असतो. चित्रफीत बहुधा खरी असते. उपदेश मात्र निराधार आहे, कारण या मुंग्यांमध्ये नेता नावाचा कोणी नसतोच. त्या जवळजवळ आंधळ्या असतात आणि पुढे गेलेल्या मुंग्यांनी जमिनीवर सोडलेल्या रसायनाच्या वासावर चालतात. पावसाने ती वाट पुसली आणि एखादी तुकडी मूळ वसाहतीपासून तुटली, तर कधीकधी तिची वाट फिरून तिच्याच वाटेला येऊन मिळते आणि वर्तुळ तयार होते. टी. सी. श्नायर्ला या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४४ साली अशा एका वर्तुळाचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या कितीतरी आधी निसर्गअभ्यासक विल्यम बीबी यांनी गियानाच्या जंगलात सुमारे ३६५ मीटर परिघाचे वर्तुळ पाहिले होते, आणि त्याची एक फेरी पूर्ण करायला एका मुंगीला अडीच तास लागत होते. पण हा झाला अपघात, आणि अपघातावरून कोणत्याही प्राण्याची ओळख करून घेणे बरे नव्हे. वाट चुकलेली नसताना याच लष्करी मुंग्या काय करतात हे पाहायचे असेल, तर मध्य अमेरिकेतल्या पक्षीनिरीक्षणाच्या सहलीला जावे.

पनामा कालव्याच्या काठी गांबोआ नावाचे लहानसे गाव आहे. तिथून सोबेरानिया राष्ट्रीय उद्यानात शिरणारा पाइपलाइन रोड हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेलवाहिनीसाठी काढलेला रस्ता आज जगभरच्या पक्षीनिरीक्षकांना ठाऊक आहे. नव्याने आलेला माणूस इथे दुर्बीण वर करून टूकन आणि ट्रोगन शोधत राहतो आणि तासाभरात मान अवघडून कंटाळतो, कारण शेकडो जातींचे म्हणून गाजलेले हे जंगल बराच वेळ चक्क रिकामे वाटते. सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलात फिरलेल्यांना हा अनुभव नवा नाही: पाऊण तास एकही पक्षी दिसत नाही आणि मग अचानक दहा-बारा जातींचा संमिश्र थवा डोक्यावरून जातो. पाइपलाइन रोडवरचा जाणता गाइड मात्र वर फारसे पाहत नाही. तो रस्ता ओलांडणाऱ्या मुंग्यांच्या रांगा शोधत असतो आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरून येणारी एक खरखरीत, नाकातली ‘चर्रर्र’ कानांनी टिपत असतो. ती आली की सगळ्यांना पँटचे पाय मोज्यात खोचायला सांगून तो झाडीत शिरतो.

आत जे दिसते ते असे. पालापाचोळ्यावर दहा-पंधरा मीटर रुंदीचा एक तपकिरी पट्टा सरकत असतो. त्याचा वेग ताशी पंधरा मीटरच्या आसपास, म्हणजे नुसते पाहत उभे राहिल्यास तो सरकतो आहे हे पटकन कळतही नाही. पण या पट्ट्यात ‘एसिटॉन बर्चेली’ या जातीच्या लाखभर किंवा त्याहूनही अधिक मुंग्या असतात आणि त्यांच्या पुढ्यातला पाचोळा अक्षरशः उकळतो. झुरळे, नाकतोडे, रातकिडे, कोळी, विंचू, एखादा सरडा, जो तो जीव घेऊन पळत सुटतो. पट्ट्याच्या अगदी कडेला, अंगठ्याएवढ्या जाडीच्या उभ्या रोपट्याला आडवा चिकटून बायकलर्ड अँटबर्ड बसलेला असतो. वरून तपकिरी, खालून पांढरा, आकाराने बुलबुलाहून थोडा लहान. तो मुंग्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. पाचोळ्यातून एक रातकिडा उसळतो, पक्षी खाली झेपावतो, किडा चोचीत धरून क्षणात पुन्हा दुसऱ्या रोपट्यावर जातो आणि पायांना चढलेली एखादी मुंगी चोचीने उडवून टाकतो. हे पक्षी मुंग्या खातात हा गैरसमज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात ते मुंग्यांपासून पळणारे किडे खातात. आपल्याकडे नांगरणी चालू असताना गायबगळे नांगरामागे चालतात ते ढेकळे खाण्यासाठी नव्हे, तसेच हे.

या कडेलाही मानपान असतो. एडविन विलिस यांनी १९६० पासून पनामात या पक्ष्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला आणि त्यांची उतरंड मांडून दाखवली. डोळ्यांभोवती निळी उघडी कातडी असलेला, सुमारे ५० ग्रॅम वजनाचा ओसेलेटेड अँटबर्ड सर्वांत मोठा, म्हणून मुंग्यांच्या आघाडीचा मधला, सर्वांत सुपीक भाग त्याचा. त्याच्या बाहेर सुमारे ३० ग्रॅमचा बायकलर्ड, आणि अगदी कडेला, मिळेल ते उचलणारा सतरा-अठरा ग्रॅमचा स्पॉटेड अँटबर्ड. खोडांवर वुडक्रीपर असतात. नशीब जोरावर असेल तर जमिनीवरून धावणारा, चोच टकटकवणारा ग्राउंड कुकू दिसतो, ज्याच्यासाठी लोक समुद्रापलीकडून येतात. आपला भारद्वाज याच कुळातला. भारद्वाज दिसणे शुभ मानणाऱ्या मंडळींनी इथे एवढेच लक्षात घ्यावे, की या कुकूचे दर्शन मुहूर्तावर नव्हे, तर मुंग्या आज बाहेर पडल्या आहेत की नाहीत यावर ठरते.

आणि मुंग्या बाहेर पडल्या आहेत की नाहीत, हे कशावर ठरते? मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

लष्करी मुंग्यांना वारूळ नसते. रात्री लाखो मुंग्या पायांच्या नख्या एकमेकींत अडकवून, एखाद्या पडलेल्या ओंडक्याखाली किंवा झाडाच्या ढोलीत स्वतःच्या शरीरांचाच तळ उभारतात. आत राणी आणि पिल्लावळ असते, आणि बाहेर रात्रीचा गारवा वाढला तरी आतले तापमान २८ अंश सेल्सियसच्या आसपास राहते. अशा वसाहतीचे आयुष्य सुमारे ३५ दिवसांच्या आवर्तनात चालते. त्यातले साधारण १५ दिवस भटकंतीचे आणि साधारण २० दिवस मुक्कामाचे असतात. भटकंतीच्या टप्प्यात रोज पहाटे स्वारी निघते आणि रात्री बहुधा अख्खी वसाहत, राणीसकट आणि अळ्या तोंडात धरून, नव्या जागी हलते. मुक्कामाच्या टप्प्यात ती एकाच जागी राहते, स्वाऱ्या लहान होतात आणि काही दिवशी तर निघतच नाहीत.

हे आवर्तन पूर्वी अन्नटंचाईशी जोडले जात असे: आसपासची शिकार संपली की मुंग्या पुढे जात असाव्यात, असा सरळ तर्क होता. श्नायर्ला यांनी पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर वर्षानुवर्षे वसाहतींचा पाठलाग करून दाखवले की घड्याळ बाहेर नसून आत आहे, आणि ते पिल्लांच्या वाढीवर चालते. मुक्कामाच्या मध्यावर राणीचे पोट फुगते आणि काही दिवसांत ती लाखाहून अधिक अंडी घालते. त्याच वेळी आधीच्या फळीची पिल्ले कोशात असतात. कोश खात नाहीत, म्हणून वसाहतीला घाई नसते. मुक्काम सुरू झाल्यापासून वीसेक दिवसांनी या कोशांतून हजारो नव्या कामकरी मुंग्या जवळजवळ एकदम बाहेर पडतात. त्यांच्या हालचालीने आणि स्पर्शाने सारी वसाहत चेतवली जाते आणि भटकंती सुरू होते. एव्हाना राणीच्या अंड्यांतून अळ्या निघालेल्या असतात. आता भटकंती चालू ठेवण्याचे काम या भुकेल्या अळ्यांकडे येते: त्या खातात, चाळवतात, त्यांना चाटणाऱ्या कामकऱ्यांना उद्युक्त करतात आणि रोजची स्वारी मोठी होत जाते. पंधराएक दिवसांनी अळ्या पुरेशा वाढून कोशात जातात, भूक एका फटक्यात ओसरते आणि वसाहत पुन्हा मुक्कामाला बसते. एका फळीचे कोशातून निघणे आणि दुसरीचे कोशात जाणे, या दोन घटनांच्या मध्ये सगळी भटकंती बसलेली असते. त्यात राणीचा हुकूम नाही आणि कुणाची योजनाही नाही.

मुंग्या ‘अंडी’ घेऊन निघाल्या की पाऊस येतो, हा आपल्याकडचा समज इथे आठवल्यावाचून राहत नाही. ओलावा वाढल्यावर काही मुंग्या जागा बदलतात हे खरे. पण तोंडात धरलेले ते पांढरे दाणे बहुतेक वेळा अळ्या किंवा कोश असतात, आणि निदान लष्करी मुंग्यांचे बिऱ्हाड त्या अळ्यांच्या भुकेमुळे हलते, ढगांमुळे नव्हे.

मुक्कामाच्या काळातल्या स्वाऱ्यांचेही एक गणित आहे. एकाच तळावरून वारंवार निघायचे असल्याने मुंग्या कालच्या दिशेने आज जात नाहीत. लागोपाठच्या दोन स्वाऱ्यांच्या दिशांमध्ये सरासरी १२० अंशांच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे आधी लुटलेल्या जमिनीवर किडे पुन्हा जमायला वेळ मिळतो.

आता पक्ष्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ज्या अन्नावर त्याचे पोट अवलंबून आहे ते दर रात्री जागा बदलते किंवा तीन आठवडे बेभरवशाचे होते. ३५ दिवसांपैकी २० दिवस मुक्कामाचे, म्हणजे कोणतीही एक वसाहत आज मुक्कामात असण्याची शक्यता चार सप्तमांश, सुमारे ५७ टक्के. वसाहतींची आवर्तने एकमेकींशी जुळलेली नसतात असे धरल्यास तीन वसाहती एकाच दिवशी मुक्कामात असण्याची शक्यता चार सप्तमांशाचा घन, म्हणजे सुमारे १९ टक्के, आणि पाच वसाहतींची सुमारे ६ टक्के. याचाच अर्थ असा की एकाच वसाहतीवर विसंबणारा पक्षी उपाशी राहील आणि चार-पाच वसाहतींचा ठावठिकाणा राखणारा बहुतेक रोज जेवेल. ते टिकवायचे तर मोठा मुलूख हवा, आणि प्रत्येक वसाहत आज कुठे आहे याची ताजी माहिती हवी.

ही माहिती ते मिळवतात कशी, याचे उत्तर मोनिका स्वार्ट्झ यांनी २००१ साली दिले. मुंग्यांमागे जाण्यात मुरलेले पक्षी सकाळी तळापाशी येतात, तळाची पाहणी करतात आणि मुंग्या निघालेल्या दिसल्या तर त्यांच्या रांगेच्या कडेने आघाडी गाठतात. निघालेल्या नसतील तर दुसऱ्या तळाकडे जातात. पोट भरल्यावर, दिवस उतरताना, ते पुन्हा तळ पाहून जातात. केवळ संधी मिळेल तेव्हा मुंग्यांमागे येणाऱ्या जाती असे करताना दिसत नाहीत. आता, भूक नसताना उद्याच्या न्याहारीची जागा पाहून ठेवणे म्हणजे भविष्याचा विचार करणेच नव्हे काय, असा प्रश्न काही संशोधकांनी उपस्थित केला आहे. प्रश्न उत्तम आहे, पण त्यावरून ‘पक्षी उद्याची स्वप्ने पाहतात’ असे मथळे देण्याची घाई करू नये. पूर्वी अशा भेटीनंतर अन्न मिळाले म्हणून जडलेली सवयही हेच वर्तन घडवू शकते, आणि या दोन शक्यता वेगळ्या करायला जंगलातले निरीक्षण एकटे पुरत नाही.

याच सहलींत ऐकू येणारे आणखी एक गोड वाक्य म्हणजे, मुंग्या आणि पक्षी एकमेकांना मदत करतात. बारो कोलोराडोवर मुंग्यांच्या आघाडीवरून पक्ष्यांना दूर ठेवून केलेला प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. पक्षी नसताना मुंग्यांच्या हाती अधिक शिकार लागली. म्हणजे ही मदत नसून उघड लूट आहे. लुटारूंच्या मागेही पुन्हा रांग आहेच: काही पारदर्शक पंखांच्या फुलपाखरांच्या माद्या आघाडीवर घिरट्या घालतात त्या पक्ष्यांच्या विष्ठेतील नत्रयुक्त द्रव्ये शोषण्यासाठी, आणि काही जातींच्या माशा पळत्या झुरळांच्या अंगावर अंडी घालतात.

बारो कोलोराडो हे मुळात डोंगराचे टोक. चाग्रेस नदी अडवून गातून तलाव भरला तेव्हा त्याचे सुमारे १५ चौरस किलोमीटरचे बेट झाले आणि १९२३ पासून ते राखीव आहे. झाडे शाबूत, शिकारीला बंदी, आणि बेटावर लष्करी मुंग्यांच्या सुमारे पन्नास वसाहती. तरीही उतरंडीत सर्वांत वरचा ओसेलेटेड अँटबर्ड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथून नाहीसा झाला. वर केलेले गणित आठवले तर यात फारसे आश्चर्य नाही. सर्वांत मोठ्या पक्ष्याला सर्वांत अधिक वसाहती हाताशी लागतात, म्हणून एवढ्या जमिनीवर त्याच्या मोजक्याच जोड्या मावतात, आणि मोजक्या जोड्यांची संख्या एखाद्या वाईट विणीच्या हंगामाने शून्यावर येऊ शकते. बाहेरून भरपाई होत नाही, कारण दाट जंगलाच्या सावलीत वाढलेला हा पक्षी उघड्या पाण्यावरून उडून येत नाही. त्याच्या जाण्याने मोकळी झालेली मधली जागा मात्र रिकामी राहिली नाही. पूर्वी कडेला उभा राहणारा छोटा स्पॉटेड अँटबर्ड तिथे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेळ मुंग्यांमागे घालवू लागला आणि त्याची संख्याही वाढली, पण हे घडायला बराच काळ जावा लागला. तिन्ही जाती आपापल्या जागी, निळ्या चेहऱ्याचा थोरला मध्यभागी आणि धाकटा कडेला, अशा पाहायच्या असतील तर गाइड बेटावर न नेता मुख्य भूमीवरच्या पाइपलाइन रोडवरच नेतो, कारण तिथून मागे सलग जंगल आहे आणि एक वसाहत मुक्कामाला बसली तर दुसरी शोधायला पक्ष्यांना वाव आहे.