गोळी सिस्टरच्या हातात, चिठ्ठी डॉक्टरांची

सुरगाणा तालुक्यातल्या उपकेंद्रात रक्तदाबाचा जुना पेशंट आला की सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, बीपी मोजते, आकडा रजिस्टरला लिहिते आणि अॅम्लोडिपिनच्या महिनाभराच्या गोळ्या मोजून देते. आकडा फारच वर गेलेला असेल, तर टॅबवर ई-संजीवनी, म्हणजे सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा, उघडते. पलीकडे डॉक्टर बसलेले असतात. ते औषध बदलतात, चिठ्ठी पडद्यावर उमटते आणि गोळी हिच्याच कपाटातून निघते. हीच सीएचओ नर्सिंगची पदवी घेऊन आलेली असेल, तर त्याच गोळीची चिठ्ठी नाशिकच्या मेडिकलवाल्यासाठी तिला लिहिता येत नाही. प्रगत शिक्षण घेतलेल्या नर्सना औषध लिहिण्याचा अधिकार द्यावा की नाही, या वादाचं मूळ इथं आहे. औषध देण्याची मुभा आपण नर्सना गेली कित्येक दशकं थोडी थोडी देत आलो. लिहिण्याची दिली नाही.

1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 1945 चे नियम यांनी चौकट आखली. अनुसूची एच मधली औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला, पण त्याचा रोख नर्सिंगच्या शिक्षणाच्या दर्जावर होता. नर्स पेशंटला काय देऊ शकते, हा प्रश्न त्यात नव्हताच. तो सुटला तो औषध नियमांच्या अनुसूची के मध्ये, सवलतींच्या यादीत. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रातल्या नर्स, एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका), आरोग्य सेवक आणि अंगणवाडी सेविका सरकारी आरोग्य कार्यक्रमाखाली औषध देत असतील, तर त्यांना विक्रीचा परवाना लागणार नाही, एवढंच ती नोंद सांगते. कार्यक्रम सरकारचा, औषध सरकारचं, म्हणून परवान्यातून सूट. नर्सच्या ज्ञानाचा त्यात कुठे उल्लेख नाही, आणि मला वाटतं पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

डोंगराळ आणि आदिवासी भागात उपकेंद्र 3,000 लोकसंख्येमागे एक, असा निकष आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर याच निकषात बसतात. डॉक्टर मात्र प्राथमिक केंद्रावर असतो. मधल्या अंतराचं काय करायचं याचं सगळ्यात ठोस उत्तर महाराष्ट्रातूनच आलं, पण नर्सकडूनही नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला, तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन त्या घरी जाऊन देत. 39 गावांत हे काम झालं, आणि नवजात मृत्यूदर तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी कमी असल्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. इंजेक्शन म्हणजे डॉक्टरच, हे समीकरण तिथे मोडलं.

सरकारला हे पचायला वेळ लागला. 2014 मध्ये केंद्रानं एएनएमना मुभा दिली: दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाला जंतुसंसर्गाचा संशय असेल आणि दवाखान्यात नेणं शक्यच नसेल, तर जेंटामायसिन द्यावं. बाळंतपणात ऑक्सिटोसिन, झटके आल्यास रेफर करण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, हेही अशाच मार्गदर्शक सूचनांतून आलं. प्रत्येक वेळी एक औषध, एक प्रसंग, एक परिपत्रक. काही बिनसलं तर नर्सच्या हाती दाखवायला ते परिपत्रक असतं, परवाना नसतो.

बाहेरच्या देशांत वाट वेगळी होती. अमेरिकेत 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम काढला. लिहिण्याचा अधिकार पुढे एकेका राज्यानं आपापल्या कायद्यानं दिला. ब्रिटनमध्ये 1986 च्या कंबरलेज अहवालानं घरोघर जाणाऱ्या नर्सना साध्या गोष्टींसाठीही डॉक्टरच्या सहीची वाट पाहावी लागते, हे मांडलं. 1992 मध्ये कायदा झाला, 1994 मध्ये छोट्या यादीपासून सुरुवात झाली आणि 2006 मध्ये पात्र नर्सना जवळपास सगळी यादी खुली झाली. म्हणजे पहिल्या अहवालापासून वीस वर्षं.

आपल्याकडे परिचर्या परिषदेनं अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला खरा, पण त्यातही औषध द्यायचं ते संस्थेनं ठरवलेल्या प्रोटोकॉलनुसार. मोठा खटका उडाला 2019 मध्ये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम 32 नं ‘समुदाय आरोग्य प्रदाता’ हा नवा परवाना मांडला: प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे, बाकी सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली. आयएमएनं, म्हणजे डॉक्टरांच्या इंडियन मेडिकल असोसिएशननं, 31 जुलैला देशभर संप पुकारला. ‘अर्धवट डॉक्टर’ हा आरोप तेव्हा जोरात होता. खेड्यात पूर्ण डॉक्टर का टिकत नाही, यावर तितक्या जोरानं कोणी बोललं नाही.

आणि नाशिकचा संबंध केवळ आदिवासी तालुक्यांपुरता नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून इथंच, दिंडोरी रोडला आहे. होमिओपॅथी डॉक्टरांसाठीचा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम याच विद्यापीठाचा. तो केल्यावर अॅलोपॅथीची औषधं लिहिता यावीत म्हणून राज्यानं 2014 मध्ये होमिओपॅथी व्यावसायिकांचा आणि वैद्यक परिषदेचा, असे दोन कायदे बदलले. आयएमए कोर्टात गेली. कायदाच का बदलावा लागला, याचं उत्तर 1998 च्या मुख्तियार चंद निकालात आहे. सुप्रीम कोर्टानं तेव्हा सांगितलं होतं की औषध नियमांत कोणाला नुसतं ‘नोंदणीकृत डॉक्टर’ जाहीर करून भागत नाही. अॅलोपॅथी करण्याचा हक्क राज्याच्या कायद्यातून आलेला हवा.

नर्सच्या बाबतीत हेच लागू होतं. 1947 चा कायदा मागे टाकून 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला, पण औषध नियमांतली डॉक्टरची व्याख्या त्यानं हलत नाही. त्यासाठी औषधांची यादी, अशा नर्सच्या नोंदणीची वेगळी नोंदवही आणि राज्याच्या कायद्यात दुरुस्ती, अशा तिन्ही गोष्टी लागतील. होमिओपॅथीसाठी मंत्रालयानं ही खटपट केली. 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्यासाठी अजून केलेली नाही.