एक सुलट, एक उलट: रिब आणि साबुदाणा विणीत फरक एका टाक्याचा

पहिला मफलर विणताना हमखास होणारी एक गंमत आहे. पन्नास टाके घातले, एक सुलट एक उलट सुरू केलं, वीतभर छान उभ्या पट्ट्या उमटल्या. मग एका ओळीपासून पट्ट्या गायब आणि त्यांच्या जागी बारीक दाणे. विणणाऱ्याने काहीच बदललेलं नसतं, सुईवरचे टाके मात्र पन्नासाचे एक्कावन्न झालेले असतात.

उभ्या पट्ट्यांची ती रिब. स्वेटरच्या मनगटाला आणि कमरेला बॉर्डर म्हणून हीच असते. दाण्यांची ती साबुदाणा वीण, इंग्रजी पॅटर्नमधली मॉस किंवा सीड स्टिच. दोन्ही विणी मागून-पुढून सारख्या दिसतात आणि दोन्हींच्या कडा गुंडाळत नाहीत, म्हणून मफलरला दोन्ही चालतात. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा साध्या विणीचा मफलर मात्र दोन्ही कडांनी मागे वळत जातो, आणि कितीही ताणून ठेवला तरी पुन्हा वळतो. नवशिक्यांनी तो पहिल्या खेपेला घेऊच नये.

आता नियम. दर ओळ सुलट टाक्याने सुरू करायची आणि पुढे एक उलट, एक सुलट असं शेवटपर्यंत जायचं. टाके सम असतील तर रिब होते, विषम असतील तर साबुदाणा. कारण असं की सुलट टाका मागून उलट दिसतो आणि उलट टाका मागून सुलट. सम टाक्यांत ओळ उलट टाक्यावर संपते, काम फिरवलं की तोच टाका सुलट दिसतो आणि त्यावर आपण सुलटच विणतो. सुलटावर सुलट चढत गेला की पट्टी तयार होते. विषम टाक्यांत ओळ सुलटावर संपते, फिरवल्यावर तो उलट दिसतो आणि त्यावर सुलट पडतो. अशी दर ओळीला अदलाबदल झाली की दाणे उमटतात.

हा नियम सुरुवातीला सोपा वाटतो, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. मध्येच फोन वाजला आणि काम खाली ठेवलं, तर पुन्हा हातात घेतल्यावर पुढचा टाका कोणता हे मोजून कळत नाही, बघूनच कळतं. डाव्या सुईवरच्या टाक्याच्या अगदी खाली पाहा. तिथे व्ही आकार असेल तर तो सुलट. टाक्याच्या गळ्याशी धाग्याचा आडवा वेढा दिसला तर तो उलट. रिबमध्ये टाका दिसतो तसाच विणायचा: व्हीवर सुलट, आडव्या वेढ्यावर उलट. साबुदाण्यात बरोबर विरुद्ध: व्हीवर उलट, वेढ्यावर सुलट. एवढं डोळ्यांत बसलं की टाके सम आहेत की विषम याने फरक पडत नाही. हे दिसायला हवं म्हणून पहिली लोकर फिकट, एकरंगी आणि गुळगुळीत घ्यावी. काळ्या, रंग बदलत जाणाऱ्या किंवा केसाळ लोकरीत अनुभवी माणसालाही टाके वाचताना त्रास होतो, आणि साबुदाण्याचे दाणे तर त्यात हरवूनच जातात.

जास्तीचा टाका येतो कुठून? बहुतेक वेळा धागा पुढे-मागे नेताना. सुलट विणताना धागा कामाच्या मागे असतो, उलट विणताना पुढे हवा. तो दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा. घाईत सुईवरून आणला की सुईवर एक वेढा पडतो, पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि खाली भोक राहतं. ज्या ओळीत तो विणला जातो, त्या ओळीत तिथून पुढे दाणे दिसू लागतात. त्यापुढची ओळ पूर्णच दाण्यांची होते. पुढच्या ओळीत तो वेढा वेळीच दिसला तर सरळ सुईवरून सोडून द्या, काही बिघडत नाही. म्हणून पहिल्या मफलरला दर चार ओळींनी टाके मोजण्याचा कंटाळा करू नये.

सुटलेल्या टाक्याच्या बाबतीत रिब फारच दयाळू आहे. टाका एकाच उभ्या पट्टीतून खाली घसरतो. व्हीच्या बाजूने क्रोशाची सुई घालून एकेक आडवा धागा त्यातून ओढत वर यायचं. उलट पट्टीतला सुटला असेल तर काम फिरवायचं, म्हणजे तीच पट्टी सुलट दिसते. साबुदाण्यात दर ओळीला क्रोशाची सुई एकदा पुढून, एकदा मागून घालावी लागते. एक-दोन ओळींचं असेल तर जमतं, त्याहून खाली गेलं असेल तर तेवढ्या ओळी उसवलेल्या बऱ्या.

टाके किती घालायचे यात मात्र मोठा फरक आहे. रिबमध्ये सुलट पट्ट्या पुढे येतात आणि उलट पट्ट्या मागे जातात, त्यामुळे कापड पेटीच्या भात्यासारखं आडवं आकसतं आणि ओढलं की पसरतं. साबुदाण्यात शेजारचा आणि वरखालचा प्रत्येक टाका विरुद्ध जातीचा असल्याने हे ओढ-ताण एकमेकांना मारतात. कापड सपाट राहतं, रुंद होतं, पण उंचीला थोडं दबतं. डीके (डबल निटिंग, म्हणजे फार बारीकही नाही आणि फार जाडही नाही अशी) जाडीची लोकर आणि 4 मिमीच्या सुया घेतल्या तर साधारण 18 सेंमी रुंदीसाठी साबुदाण्याला 37 टाके पुरावेत, रिबला 50च्या आसपास लागतील. हाताच्या ओढीप्रमाणे हे बदलतं, म्हणून आधी 24-25 टाक्यांचा दहा सेंमी उंच नमुना विणा आणि न ताणता मोजा. रिबचे टाके रुंदीला जास्त लागतात आणि साबुदाण्याच्या ओळी लांबीला जास्त लागतात, त्यामुळे 150 सेंमी लांबीला लोकर दोन्हीकडे 150 ते 200 ग्रॅम धरावी. एकाच लॉट नंबरचे गुंडे एकदमच घ्या. मागाहून आणलेल्या गुंड्याच्या रंगात थोडा फरक पडू शकतो.

सुयांबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे जुन्या ब्रिटिश पद्धतीचे नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: 8 नंबर म्हणजे 4 मिमी, 10 नंबर म्हणजे 3.25 मिमी. अमेरिकी पॅटर्नमध्ये उलटं असतं, तिथला 8 नंबर 5 मिमीचा. व्हिडिओ बघून सुया आणणार असाल तर दुकानात मिलिमीटरच सांगा.

कोणती निवडायची? गळ्याशी घट्ट बसणारा, पहाटे दुचाकीवर जाताना जॅकेटच्या आत खोचायचा मफलर हवा असेल तर रिब. खांद्यावरून सोडायचा, विणीचा पोत दिसावा असा हवा असेल तर साबुदाणा. अगदी आजच सुया हातात धरल्या असतील तर साबुदाणा आधी घ्यावा, असं आमचं मत आहे. विषम टाके घातले की दर ओळ सारखीच सुरू होते, सारखीच संपते, आणि ताण कमी-जास्त झाला तरी दाण्यांत लपतो. रिबमध्ये सैल पडलेला टाका सरळ पट्टीत लगेच डोळ्यात भरतो.

टाके बंद करताना वीण सोडू नका. रिबमध्ये सुलट टाका सुलट विणून आणि उलट टाका उलट विणून बंद करायचा. सगळेच सुलट विणून बंद केले तर ते टोक ताणत नाही आणि बाकी मफलरशी विसंगत दिसतं. हात आवळून चालत असेल तर शेवटच्या ओळीला एक आकार जाड सुई वापरा. धुतल्यावर साबुदाण्याचा मफलर हलक्या हाताने चौकोनी करून सपाट वाळत घाला. रिबला तेवढंही नको, ती आपोआप आकसते. अ‍ॅक्रिलिक रिबवर इस्त्री मात्र फिरवू नका: उष्णतेने धागा मऊ पडून पट्ट्या कायमच्या चपट्या होतात आणि मग ती ताणून परत येत नाही.