सवलत कसली?

डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिताना अडखळणं) असलेल्या मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळाला, की बाकीच्या पालकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमच्याही पोराला द्या की मग अर्धा तास!" यातली निम्मी चूक 'सवलत' या शब्दाची आहे. तो ऐकला की कुणाला तरी फुकटात काही मिळतंय असं वाटतं.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा वर्षांच्या पर्सीची हकिकत छापली. हा पोरगा ७४९ गुणिले ८६७ झटपट आणि बिनचूक करायचा, पण स्वतःच्याच नावातली अक्षरं मागेपुढे लिहायचा आणि कुणी दाखवून दिल्याशिवाय ते त्याच्या लक्षातही यायचं नाही. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं, सगळं शिकवणं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

असं का होतं? बोलणं मूल आपसूक शिकतं, वाचन मात्र शिकवावं लागतं. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, तिच्यासाठी मेंदूत वेगळी जागा तयार नाही. आकार ओळखणारा डाव्या बाजूचा एक भाग सरावाने या कामाला जुंपला जातो आणि आवाज हाताळणाऱ्या भागांशी जोडला जातो. 'कार्यक्रम' हाच शब्द घ्या. त्यात दोन 'र' आहेत. एक 'य'च्या डोक्यावर बसतो पण उच्चारायचा 'य'च्या आधी. दुसरा 'क'च्या पायाशी लोंबतो आणि उच्चारायचा 'क'च्या नंतर. नवशिक्या वाचकाला हे सगळं सुटं करून पुन्हा जुळवावं लागतं. सरावलेल्या वाचकाची नजर जेमतेम पाव सेकंद थांबते आणि अख्खा शब्द उचलून पुढे जाते. डिस्लेक्सियात बहुतेकदा अक्षर आणि आवाज यांची ही सांधेजोडच कच्ची राहते, म्हणून शब्द वर्षानुवर्षं सुटाच राहतो.

आता यात कार्यकारी स्मृती येते. हातातलं काम होईपर्यंत गोष्टी धरून ठेवणारी ही ओंजळ लहान असते, एका वेळी साधारण चार गोष्टी मावतील एवढी. ती अक्षरं जुळवण्यातच भरून गेली, तर शाब्दिक उदाहरणातल्या 'तर किती?'पर्यंत पोहोचेतो पहिला आकडा सांडलेला असतो. जादा वेळाने अक्षरं भराभर जुळत नाहीत; वाक्य दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचायला मिळतं, एवढंच. कुणी प्रश्न वाचून दाखवला तर ही अडचण टळते, गणित मात्र मुलालाच सोडवावं लागतं. गणिताचा पेपर वाचनाचा वेग मोजायला काढलेला नसतोच.

जाता जाता, डिस्लेक्सियावर उपाय म्हणून सुचवल्या जाणाऱ्या रंगीत काचांच्या चष्म्याबद्दल. दोष मुळात नजरेचा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदन काढून अशा उपायांना पुरावा नसल्याचं सांगितलं होतं. चष्मे अजून विकले जातातच.

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या अडचणीचं, गणित वेगळं. तिथे अनेकदा वाचता येत असतं, पण लक्ष टिकत नाही. अशा मुलाला नुसता तासभर जादा दिला तर तो तास पेन्सिल फिरवण्यात जाऊ शकतो. त्यापेक्षा पेपर तुकड्यांत द्यावा, मध्ये पाच मिनिटं उठू द्यावं, दारापासून लांबचा बाक द्यावा.